बार्जच्या काचेचा आरसा

दुर्बिणीला डोळा लावताच माणसाला विश्वाची विशालता आणि स्वतःची क्षुद्रता एकाच क्षणी जाणवते, असं म्हणतात. माझ्या मामाला आधी मानेत भरलेली लचक जाणवली. विश्वाचा नंबर नंतर लागला. क्षुद्रतेबद्दल तो कधी बोलला नाही. खाण कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पंचवीस वर्षं फिटर म्हणून काढल्यावर त्या बाबतीत दुर्बिणीने नवीन काही सांगण्यासारखं उरलं नसावं.

गेल्या महिन्यात हळर्णला मामीकडे गेलो होतो. पान वाढता वाढता तिने मला आतल्या खोलीतून चेपणीचे तोर आणायला सांगितले. मिठात दाबून ठेवलेल्या कोवळ्या कैऱ्यांना आमच्याकडे असं म्हणतात. बरणीचं फडकं सोडून हात आत घातला. वर दगड असतो, कैऱ्या खाऱ्या पाण्याखाली बुडून राहाव्यात म्हणून. हाताला लागला तो दगड नव्हता. गुळगुळीत, जड, थंडगार काहीतरी. उजेडाला धरलं तेव्हा कळलं: सहा इंच रुंद, बोटभर जाड, हिरवट काच, एका बाजूने सपाट, दुसरीकडून इतकी किंचित फुगीर की डोळ्यांना कळू नये, तळहाताला तेवढी कळावी.

"मामी, ही काच इथे?"

"परत घाल ती, पुता. नाय तर तोर वयर येतले."

"पण ही मामाची."

"माका खबर आसा कोणाची ती. म्हणून तर सात पाण्यांनी धुवून घातली."

मी ती परत घातली. बोटांना मिठाचा वास राहिला, आणि त्या वासामागून दुसरा एक वास आला, जो त्या खोलीत नव्हता: ओल्या दळलेल्या काचेचा. त्याला कशाचीही उपमा देता येत नाही. पहिल्या सरीचं पाणी गंजक्या पत्र्यावरून तोंडात आलं तर जवळपास तसा लागेल.

डिचोलीच्या ग्रंथालयात मला नोकरी लागली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि राहायला आमोण्याला, मामाच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये होतो. समोर मांडवी. तिच्यावरून खनिजाने भरलेल्या बार्ज दिवसरात्र जायच्या, आणि त्यांच्या इंजिनाची धडधड आधी पायांना कळायची, मग कानांना. पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजायचा. त्याच्या टोपलीवरचं प्लास्टिक तांबडं असायचं. केळीची पानं तांबडी, वाळत घातलेली धोतरं तांबडी, खिडकीची काच बोटाने पुसली तर बोट तांबडं. मामी पाव झटकून ताटात वाढायची आणि म्हणायची, "खा, अंगाक लोखंड लागता."

अशा ठिकाणी माणसाने दुर्बीण करायला घ्यावी, यात शहाणपण नव्हतं. मामाने घेतली. मोडीत काढलेल्या एका बार्जच्या गोल खिडक्यांच्या दोन जाड काचा त्याने फोरमनकडून मागून आणल्या आणि आरसा कसा घासायचा ते सांगणारं एक जुनं पुस्तक माझ्याकडून नेलं. ग्रंथालयात ते माझ्या आधी कोणी उघडलं नव्हतं. मीही ते नुसतं नोंदवलं होतं.

रीत अशी. एक काच तेलाच्या रिकाम्या पिंपावर पक्की बसवायची. तिच्यावर कुरुंदाची पूड आणि पाणी. वर दुसरी काच. मग वरची पुढे-मागे घासायची, दोन्ही हातांनी, सहा वेळा, आणि पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. पुन्हा सहा वेळा, पुन्हा एक पाऊल. कोणी काही न ठरवता वरची काच खोल होत जाते आणि खालची, आता बरणीत असलेली, फुगत जाते. पूड रोज थोडी बारीक घ्यायची. पहिल्या महिन्यात तो आवाज पाट्यावर खोबरं वाटल्यासारखा खरखरीत होता. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो इतका मऊ झाला, की भिंतीपलीकडे कोणी रेशमी लुगडं नेसतंय असं वाटावं. मी त्या आवाजात झोपायचो. आजही कुठे एकसारखं काही घासलं जात असलं की मला जांभई येते.

"इतक्यो प्रदक्षिणा देवाक घातल्यो असत्यो," मामी स्वैपाकघरातून म्हणायची, "तर आतापर्यंत देवच ह्या घरात राहायला आलो असतो."

"देवाक जागो खंय आसा? एका खोलीत तुझो भाचो, दुसऱ्या खोलीत पिंप."

"भाचो तुमचो."

"मग पिंप तुझें."

दुर्बीण मोठं करून दाखवते, हा सगळ्यांचा गैरसमज, असं मामा सांगायचा. मोठं करणं हे दुय्यम काम. तिचं खरं काम उजेड गोळा करण्याचं. डोळ्याची बाहुली मिरीएवढी. तिच्यात मावेल तेवढाच उजेड आत जातो. पागोळीखाली वाटी ठेवली तर वाटीभर पाणी मिळतं, मोठी काइल ठेवली तर काइलभर. आरसा ही काइल. त्याच्यावर पडलेला सगळा उजेड तो चार फुटांवर एका टिकलीएवढ्या जागेत आणून ठेवतो, आणि तिथे आपण डोळा ठेवायचा. "बाकी सगळें म्हणजे पायप," तो म्हणायचा. आरशाची खोली मध्यभागी जेमतेम मिलिमीटरभर. त्या मिलिमीटरभर खोलीसाठी दोन वर्षं.

आणि त्याला बघायचं काय होतं? चंद्र नाही, शनी नाही. चंद्र सगळेच बघतात, म्हणाला. त्याला देवयानी बघायची होती: आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचं, शेजारचं तारकाविश्व. तिचा आज इथे पोचणारा उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला, हे त्याने पुस्तकात वाचलं आणि कंपनीच्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवलं. आमोण्याच्या आकाशात लोडिंग पॉइंटचे दिवे आणि तांबडी धूळ. तिथून ती दिसणं शक्य नव्हतं. आरसा झाला की गावी, हळर्णला न्यायचा, किल्ल्याखालच्या खळ्यावर, आणि एकदा ती स्वतःच्या आरशातून बघायची. एवढंच. मामीने नाव ऐकलं तेव्हा पोळपाटावरून मान वर केली. "कोण गो ही देवयानी? घरात बायल असताना तिका बघूक पिंपाभोवती घुंवतत हे?"

शेवटचं काम पॉलिशचं. राळ आणि मेण वितळवून खालच्या काचेवर ओतायचं, त्यावर तांबडी पूड लावायची आणि वरची काच फिरवायची. ती तांबडी पूड म्हणजे लोखंडाचाच गंज, अगदी बारीक केलेला. तीच वस्तू आमच्या पावावर, केळीवर आणि छातीत रोज फुकट येऊन बसत होती. फक्त ती जाड होती. तिचा एक कण काचांमध्ये शिरला तर महिन्याचं काम वाया. म्हणून मामा दारं-खिडक्यांवर ओल्या चादरी टांगायचा. आतल्या कोंदट काळोखात राळेचा वास, मेणाचा वास, त्याच्या घामाचा वास. सणाच्या दिवशी देवळाच्या गाभाऱ्यात असतो तसा, फक्त देव वजा.

मग परीक्षा. पत्र्याच्या डब्यात दिवा, डब्याला सुईचं भोक, आणि उजेड परत येतो तिथे दाढीचं पातं आडवं सरकवायचं. आरशावर सावली पडते आणि काचेतले डोंगर-दऱ्या दिसतात, केसाच्या हजाराव्या भागाएवढे. नदीतून बार्ज गेली की सगळं चित्र थरथरायचं. आम्ही श्वास धरून ती जाईपर्यंत थांबायचो. एकदा मामाने मला आरशाच्या मध्यावर अंगठा टेकवायला लावला, क्षणभरच, आणि मग पात्यामागून बघायला सांगितलं. जिथे अंगठा टेकला तिथे एक टेकाड उभं राहिलं होतं. माझ्या हाताच्या उबेने काच फुगली होती. ते टेकाड हळूहळू, कोणी मान खाली घालावी तसं, विरघळत गेलं.

"पळयलें? नुसतो हात लायलो तरी तिका कळता," मामा म्हणाला. "आता परत लावू नको."

नळी बनवली ती वर्कशॉपमधल्या बाळूने. तो गडहिंग्लजकडचा वेल्डर. पत्रा वाकवून शिवण मारल्यावर त्याने तिच्यातून पलीकडे बघितलं. "काका, तोफ झक्कास झालीय. उडवायची कुणावर?" मामा म्हणाला, फोरमनवर. ही बातमी वरपर्यंत गेली, आणि कंपनीने वार्षिक दिनी मामाचा सत्कार ठरवला. शाल, नारळ, आणि विज्ञानयुगावर पाऊण तासाचं भाषण. आरसा तेव्हा पुण्याला एका संस्थेत चांदीसारखा मुलामा चढवून घ्यायला गेला होता, म्हणजे मंचावर होती ती नुसती नळी. प्रमुख पाहुण्यांनी तिला डोळा लावला, बराच वेळ आत पाहिलं आणि "अद्भुत" म्हणाले. टाळ्या झाल्या. मामाला खोकला आला. आम्हाला वाटलं, हसू दाबतोय.

तो खोकला मग राहिलाच. श्रावण गेला, चतुर्थी गेली. म्हापशाच्या डॉक्टरने छातीचा फोटो दिव्यासमोर धरला तेव्हा मला ते पात्यामागच्या आरशासारखं वाटलं, डोंगर, दऱ्या. मामाला बाहेर बसवून डॉक्टर मामीला म्हणाले, "बाय, दिवाळी बघतीत. नाताळापर्यंतय कदाचित. फुडलें माका विचारू नकात." मामीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग एवढंच विचारलं, "आंबट दिलें तर चलता?"

नवरात्राच्या आधी पुण्याहून आरसा आला. बिस्किटांच्या डब्यात, कापसात. मामाने झाकण उघडून पाहिलं, श्वास लागू नये म्हणून तोंड फिरवून. तो पाण्यासारखा होता. पाणी भरलेल्या ताटात वाकून पाहिल्यावर जसं छत खोल खाली दिसतं, तसं आमच्या छपराचं कौल न् कौल त्यात खोल गेलेलं होतं. मामाने झाकण लावलं. "डिसेंबरात," तो म्हणाला. "सांजेची ती माथ्यावर येता." आणि कॉटवर आडवा झाला.

दसऱ्याला आमच्याकडे आयुधं पुजतात. कोयता, विळी, कुदळ. फिटरच्या घरी पाने, स्क्रूड्रायव्हर, हॅक्सॉ. मामी सगळं धुवून पाटावर मांडायची आणि हळद आणि पिंजर, म्हणजे आमचं कुंकू, लावून झेंडूचं एकेक फूल ठेवायची. त्या वर्षी मामा झोपला होता. मी ग्रंथालयातून दुपारी परत आलो तर पाटावर, हॅक्सॉ आणि पाइप-पान्याच्या मध्ये, आरसा. बरोबर मध्यभागी हळदीचं बोट, त्यावर पिंजरीचं बोट, त्यावर अक्षता. झेंडूचं फूल त्यात उलटं फुललेलं. इतकं सुंदर काही मी त्या घरात पाहिलं नव्हतं.

"मामी, हें कित्याक केलें?"

"तेंच तर ह्यांचें खरें आयुध," ती म्हणाली. "बाकीची कंपनीची."

"मामाक कळलें तर? बोट लावलेलं चालत नाही त्याला. पूस तें. तो उठायच्या आधी."

हे माझे शब्द. मी ते हळू आवाजात, घाईने म्हणालो आणि हातपाय धुवायला मागीलदारी गेलो. ओल्या फडक्याने पिंजर निघेना, फिकट तांबडा डाग राहिला. मग तिने देवाची भांडी उजळतात तसा आरसा उजळला. चिंच आणि चुलीतली राख. देवाच्या समया तिच्या हातून सोन्यासारख्या निघायच्या. मी परत आलो तेव्हा ती आरसा उजेडाकडे धरून उभी होती आणि त्या आरशातून तिची बोटं दिसत होती. मुलामा राखेने खाल्ला होता. जिथे राहिला होता तिथे चरे, मांजराने नखं मारल्यासारखे. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्या खोलीतला शिकलेला माणूस होतो.

पुण्याला परत पाठवायचा तर तीन-चार महिने. मामाकडे तेवढे नव्हते. मी आरसा कापसात ठेवला, डबा बंद केला. आम्ही दोघांनी त्याला सांगितलं नाही. सांगायचं नाही, असंही आम्ही एकमेकांना सांगितलं नाही.

दुर्बिणीवरची पुस्तकं मी त्यानंतर वाचली. माणूस वाचायला लागतो तो बहुधा उशिराच. त्यात कळलं, की या जातीच्या दुर्बिणीत आरशाचा मधला भाग कामालाच येत नाही. समोरच्या छोट्या तिरक्या आरशाची सावली तिथे कायम पडलेली असते. काही कारागीर तर नळीत आरसा सरळ बसवता यावा म्हणून मध्यावर मुद्दाम खूण करून ठेवतात. मामीचं बोट नेमकं तिथेच पडलं होतं. पुसलं नसतं तर काहीही बिघडलं नसतं.

डिसेंबरात त्याला हळर्णला आणलं. खळं शेणाने सारवलेलं होतं, कडेला गवताची उडवी, खाली नदीवरून थंड ओल चढत होती. अमावास्येच्या आसपासचे दिवस. दिवेलागण होऊन गेली होती आणि मंडळी अजून जेवायची होती. बाळू सुट्टी टाकून आला होता. त्याने मामाला उचलून कदेलीत, आमच्या लाकडी खुर्चीत, बसवलं, फळी सरकवून तिची उंची जुळवली आणि कंदील घेऊन लांब जाऊन बसला. मी नळीच्या बुडाशी वाकलो. आरसा बसवताना मी त्याच्याकडे पाठ केली होती.

"बसयलो?" मामाने विचारलं.

"बसवला."

"बोट लागूक नाय ना?"

"नाही," मी म्हणालो. स्क्रू तीन होते. मी ते पुन्हा पुन्हा आवळत राहिलो. मामी त्याच्या कदेलीला टेकून उभी होती. दोघांचं काहीतरी हळू बोलणं चाललं होतं. मग त्याने मला वाट सांगितली: तो चार ताऱ्यांचा मोठा चौकोन, त्याच्या वरच्या कोपऱ्यावरून दोन तारे पुढे, तिथून वळून दोन बारीक तारे, त्यांच्या बाजूला. मी नळी फिरवली आणि बाजूला झालो. मला स्वतःला आत बघवलं नाही.

मामाने डोळा लावला. त्याच्या छातीतला आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. खरखर होती ती, पहिल्या महिन्यातल्या पुडीची.

"दिसली," तो म्हणाला.

"कशी आसा?" मामीने विचारलं.

"काचेर कोणी उस्वास सोडलो तशी." मग थोडा दम घेऊन, "तू बघ."

मामीने पदर सावरला, वाकली. एक डोळा मिटता येत नसे तिला, हाताने झाकला. "धवें धवें कायतरी दिसता," ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "धुकट आसा ही काच. पुसू?"

मामा हसला. हसण्याचा खोकला झाला आणि तो सरेपर्यंत बाळू कंदील घेऊन उठून उभा राहिला होता.

"आनीक पुसू नको गो," मामा म्हणाला.

मामीचा हात दुर्बिणीवरून खाली आला. ती सरळ झाली, आणि शाल त्याच्या खांद्यावर होती तशीच असताना पुन्हा नीट केली. मी नदीकडे बघत होतो. नदीत काही नव्हतं.

तो शिगम्याआधी गेला. आमोण्याच्या शोकसभेत त्याच प्रमुख पाहुण्यांनी सांगितलं, की एक तारा निखळला. तारे निखळत नाहीत. निखळताना दिसतात ती वाळूएवढी खडी असते. पण ती दुरुस्ती करायला जो उठला असता त्याच्याच फोटोला हार घातलेला होता. नंतर आमोण्याच्या बार्ज थांबल्या, केळी हिरव्या झाल्या, क्वार्टर पाडलं. बाळू गावी गेला. मी म्हातारा झालो, ग्रंथालयातून सुटलो, आणि 'पूस तें' हे दोन शब्द घेऊन फिरत राहिलो. शेवटची एक संध्याकाळ होती माणसाची, आणि त्याला मी खरवडलेली काच दाखवली.

गेल्या महिन्यातल्या त्या दिवशी जेवण झाल्यावर मामी आणि मी खळ्याच्या कडेला बसलो होतो. पठारावर विमानतळ झाल्यापासून हळर्णच्या आकाशाला त्या बाजूने दुधासारखी साय येते. मामीला ते आवडतं. कोणतं विमान कधी येतं ते तिला पाठ आहे. "आता तरी वयर बघण्यासारखें कायतरी आसा," ती म्हणाली. मी चौकोन शोधला. चारपैकी तीन तारे सापडले. पुढचं काही लागलं नाही.

आणि मी विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "मामी, त्या दिवशी मामाला खरंच दिसली असेल?"

"दुर्बिणीतून? छे." तिने पान चुरगळून सुपारी तोंडात टाकली. "माका दिसलें तें माझ्याच हातचें खरवडणें. ह्यांका काय वेगळें दिसतलें?"

"मग दिसली म्हणाला तो?"

"तू खाली स्क्रू पिळीत बसलेलोस तेन्ना माका बोटान दाखयली. थंय, वयर. इल्लीशीच. कापसाच्या बोंडासारखी. म्हणाले, ती बघ, तीच ती. आनी पोराक सांगू नको, म्हणाले, तो इतको खपता."

एक विमान उतरलं. मामी ते जमिनीला लागेपर्यंत थांबली, मग उठून भांडी घासायला गेली.

मी घरी येऊन पुस्तक काढून खात्री करून घेतली. देवयानी बघायला दुर्बीण लागत नाही. आकाश काळं असलं की ती नुसत्या डोळ्यांनी दिसते.